सलाईनची नळी : किनाऱ्यावरील तातडीच्या उपचारांचा पहिला टप्पा

मालवणहून दक्षिणेकडे सहा-सात किलोमीटर गेले की तारकर्ली लागते. आणखी पुढे देवबाग, जेथे कर्ली नदी समुद्राला मिळते. पांढरी वाळू, स्वच्छ पाणी आणि स्कूबा डायव्हिंग यांमुळे गेल्या काही वर्षांत पुणे-मुंबई-कोल्हापूरच्या पर्यटकांची येथे रीघ लागलेली असते. सहलीला निघताना राहण्याची आणि जेवणाची चौकशी सारेच करतात. जवळचे रुग्णालय कोणते आणि तेथून पुढे कोठे जावे लागेल, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. २४ मे २०२२ रोजी स्कूबा डायव्हिंगहून परतणारी वीस पर्यटकांची नौका तारकर्लीजवळ उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले, तेव्हा हा प्रश्न काही दिवस चर्चेत आला व विरलाही.

तारकर्लीत कोणी बुडाला, कोणाला फुरसे चावले, विंचू डसला वा मोटारसायकल घसरली, तर पहिला शासकीय आधार म्हणजे मालवणचे ग्रामीण रुग्णालय. तेथून पुढे ओरोसचे जिल्हा रुग्णालय, ज्याला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली आहे. तेथेही न भागल्यास सिंधुदुर्गातील रुग्ण वर्षानुवर्षे ज्या वाटेने जात आले ती वाट, म्हणजे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, मालवणपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर. या साखळीतील प्रत्येक ठिकाणी रुग्णावर होणारी पहिली कृती बहुधा एकच असते : हाताच्या शिरेत बारीक प्लास्टिकची नळी बसवणे. वैद्यकीय भाषेत ती कॅन्युला, वॉर्डातील बोलीत व्हेनफ्लॉन किंवा इंट्राकॅथ, आणि नातेवाइकांच्या तोंडी सरसकट ‘सलाईन’. ही नळी कोणती, कोठे, कशी बसवली आणि मुळात बसवायला हवी होती का, यावर पुढच्या दोन-तीन तासांच्या प्रवासाचे बरेच काही अवलंबून असते.

शिरेतून द्रव देण्याची कल्पना जुनी आहे. युरोपात पटकीची साथ पसरली असताना १८३१ मध्ये विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांच्या रक्तातील पाणी व क्षार कमी होतात हे दाखवून दिले. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लाटा याने मरणोन्मुख रुग्णांच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले आणि काही जण उठून बसले. (हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानातील तारायंत्राच्या उभारणीचा अध्वर्यू म्हणून अधिक ओळखला गेला.) त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे धातूची सुईच शिरेत ठेवावी लागे, रुग्णाने हात हलवला की ती शीर फोडून बाहेर येई. १९५० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डेव्हिड मासा यांनी सुईवर प्लास्टिकची नळी चढवली. सुईने वाट करून द्यायची, नळी आत सरकवायची आणि सुई काढून घ्यायची, हे तत्त्व आजही तेच आहे.

रंगांची भाषा

या नळीच्या टोकाचा रंग तिची जाडी सांगतो. पिवळी नळी सर्वांत बारीकांपैकी, तान्ह्या बाळांसाठी. निळी त्याहून थोडी जाड. मग गुलाबी, हिरवी, करडी आणि सर्वांत जाड नारिंगी. फरक दिसायला केसाएवढा, परंतु प्रवाहाच्या दृष्टीने मोठा असतो. नळीची त्रिज्या दुप्पट झाली तर तत्त्वतः प्रवाह दुप्पट नव्हे, सोळा पट होतो. व्यवहारात निळ्या नळीतून मिनिटाला साधारण पस्तीस मिलिलिटर, गुलाबीतून साठ, हिरवीतून नव्वद ते शंभर आणि करड्या नळीतून त्याच्या जवळपास दुप्पट द्रव जातो. रक्तस्राव होत असलेल्या अपघातग्रस्ताला निळी नळी लावून ओरोसला रवाना करणे म्हणजे पेटलेल्या घरावर तांब्याने पाणी टाकण्यासारखे आहे. अशा रुग्णाला दोन्ही हातांत एकेक जाड आणि आखूड नळी हवी, हा अपघात विभागातील पहिला धडा. आखूड यासाठी की लांबी वाढली की प्रवाह मंदावतो. याच कारणाने मानेतील लांब नळीपेक्षा कोपरातील आखूड हिरवी नळी अनेकदा अधिक वेगाने रक्त पोचवते.

याउलट ज्याला केवळ प्रतिजैविकाची दोन इंजेक्शने द्यायची आहेत त्याला जाड नळीची गरज नसते. शिरेत जागा उरली की तिच्याभोवती रक्त वाहत राहते आणि दाह कमी होतो. म्हणून काम भागेल तेवढी बारीक नळी, हा वॉर्डातील नियम. आणि वेळ पडल्यास पुरेल एवढी जाड, हा आणीबाणीतील. या दोन नियमांत गल्लत झाली की दोन्हीकडे नुकसान.

जागेचेही तसेच. स्थिर रुग्णासाठी कोपर व मनगट यांच्या मधला हाताचा भाग उत्तम, कारण तेथे सांधा नसतो आणि नळी वाकत नाही. प्राणावर बेतले असेल तेव्हा मात्र कोपराच्या खोबणीतील मोठी शीर हाताला पटकन लागते, म्हणून तीच निवडली जाते. समुद्रातून बाहेर काढलेल्या माणसाची अडचण वेगळी. थंडीने व रक्तदाब उतरल्याने त्याच्या शिरा आकसलेल्या असतात. त्वचा ओली, खारट आणि वाळूने माखलेली असते. त्यावर चिकटपट्टी टिकत नाही आणि निर्जंतुकीकरणही होत नाही. ती आधी पुसून कोरडी करावी लागते. मुख्य म्हणजे बुडालेल्या माणसाला पहिल्या मिनिटांत हवा असतो तो श्वास. त्याचे हृदय प्राणवायूवाचून थांबलेले असते; कृत्रिम श्वास, प्राणवायू आणि छातीवरील दाब यांच्या आधी शीर शोधत बसणे ही चूक ठरते. आणि शीर मिळतच नसेल तर गुडघ्याखालच्या नडगीच्या हाडात विशेष सुई घालून तेथून औषध देता येते. हाडातील पोकळी आकसत नाही. लहान मुलांमध्ये ही पद्धत जुनी आहे. मोठ्यांमध्येही ती वापरली जाते. ही सुई आणि ती वापरण्याचा सराव प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

फुरसे चावल्यावर

कोकणच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर फुरशांचा वावर पूर्वापार आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर आपल्याकडे एकच बहुगुणी प्रतिविष मिळते आणि ते शिरेतूनच द्यावे लागते. दंशाच्या जागी टोचून किंवा स्नायूत देऊन उपयोग नसतो. म्हणजे येथे नळी हाच उपचाराचा एकमेव मार्ग. पण फुरसे आणि घोणस यांचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट करते. अशा रुग्णाच्या अंगावर जेथे जेथे टोचाल तेथून रक्त झिरपत राहते. एरवी ‘नस सापडत नाही’ म्हणून तीन-चार वेळा टोचण्याची जी सवय असते, ती येथे अंगाशी येते. शीर अशी निवडावी की रक्त आलेच तर बोटाने दाबून थांबवता येईल. मान, गळ्याखालची शीर, जांघ या जागा शक्यतो टाळाव्यात. दंश झालेल्या हाताला वा पायाला नळी लावू नये, स्नायूत इंजेक्शने देऊ नयेत. त्या हातातील बांगड्या, अंगठ्या, काळा दोरा सूज चढण्यापूर्वीच काढून टाकावेत.

पहिली नळी बसताच तिच्यातून दोन मिलिलिटर रक्त एका नव्या, कोरड्या, काचेच्या परीक्षानळीत घ्यायचे आणि वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. मग नळी एकदाच तिरपी करून पाहायची. रक्त पातळच राहिले असेल तर विष रक्तात भिनले आहे. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणीही होणारी ही चाचणी. परंतु परीक्षानळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाच्या पावडरीने धुतलेली असेल तर निष्कर्ष चुकतो. एवढ्या साध्या कारणाने प्रतिविष विनाकारण दिले जाऊ शकते, म्हणून नव्या काचेच्या नळ्यांचे छोटे खोके प्रतिविषाच्या शेजारीच ठेवलेले बरे.

राष्ट्रीय उपचारसूत्रानुसार प्रौढाला सुरुवातीस साधारण दहा कुप्या प्रतिविष सलाईनमध्ये मिसळून तासाभरात दिले जाते. लहान मुलालाही तेवढेच, कारण सापाने विष माणसाचे वय पाहून टोचलेले नसते. प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनते, त्यामुळे काही जणांना त्याची तीव्र प्रतिक्रिया येते. अंगावर गांधी उठणे, धाप लागणे, रक्तदाब कोसळणे हे सारे काही मिनिटांत होऊ शकते. म्हणून ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवायचे. प्रतिक्रिया दिसताच ते मांडीच्या स्नायूत दिले जाते. स्नायूत इंजेक्शन न देण्याच्या नियमाला प्राण वाचवणारा हा एकच अपवाद. प्रतिविष थांबवून साधे सलाईन मात्र चालू ठेवायचे, म्हणजे नळी बंद पडत नाही.

गावाकडून आलेल्या रुग्णाच्या पायाला बहुधा दोरी किंवा कापड आवळून बांधलेले असते. बांधू नये हे खरे. पण बांधलेले आढळले तर ते दारातच फटकन सोडणेही धोक्याचे आहे. अडलेले विष एकदम अंगात पसरून श्वास बंद पडू शकतो वा रक्तदाब कोसळू शकतो. आधी शिरेत नळी, मग प्रतिविष आणि श्वासाची साधने तयार, डॉक्टर शेजारी उभे, आणि मगच गाठ सोडायची, असा क्रम आहे.

विंचू : जेथे सलाईनने घात होऊ शकतो

फुरशाच्या अगदी उलट उदाहरण विंचवाचे. कोकणातील लाल विंचवाच्या विषाने शरीरातील ताण वाढवणारी रसायने उसळतात, रक्तदाब प्रथम चढतो, हृदयावर ताण येतो आणि पुढे फुफ्फुसांत पाणी भरते. रुग्ण घामाने निथळत असतो, ओकाऱ्या होत असतात, हातपाय गार पडलेले असतात. पाहणाऱ्याला वाटते, अंगातील पाणी गेले, बाटली लावा. भरमसाट सलाईन सोडले तर तेच पाणी फुफ्फुसांत उतरायला मदत होते.

महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी हे सारे ग्रामीण भागात, रुग्णाच्या खाटेशेजारी रात्री काढून अभ्यासले. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी विंचूदंशावर गुणकारी ठरते, हे त्यांचे निरीक्षण १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी सुमारे तीस टक्के दगावत. पुढे हे प्रमाण काही टक्क्यांवर आले. २०११ मध्ये त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी सत्तर रुग्णांच्या चाचणीतून दाखवले की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष शिरेतून दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतात. २०२२ मध्ये डॉ. बावसकर यांना पद्मश्री मिळाली. येथे मुद्दा असा की विंचूदंशातही शिरेत नळी लागते, पण औषधांसाठी आणि बंद ठेवण्यासाठी. तहान भागवायची ती तोंडाने. नातेवाईक ‘बाटली का लावत नाही?’ म्हणून आवाज चढवतात, तेव्हा ड्युटीवरील तरुण डॉक्टरला हे समजावून सांगण्याइतका वेळ आणि आधार दोन्ही मिळायला हवेत.

सलाईनविषयीची आपली श्रद्धा अद्भुत आहे. थकवा आला, बाटली. परीक्षा जवळ आली, बाटली. उन्हात फिरून चक्कर आली, बाटली. एक लिटर सलाईनमध्ये नऊ ग्रॅम मीठ आणि पाणी असते, याखेरीज काही नाही. १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आणले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. तारकर्लीच्या वाळूत दुपारभर खेळून मलूल झालेल्या, पण शुद्धीवर असलेल्या आणि पाणी पिऊ शकणाऱ्या मुलाला शीर टोचण्याचे कारण नाही.

मोठ्या शहरांतील आणि परदेशांतील अपघात विभागही या सवयीतून मुक्त नाहीत. मेलबर्नमधील एका मोठ्या रुग्णालयातील पाहणीत, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तातडीच्या विभागात बसवलेल्या निम्म्या नळ्या अखेरपर्यंत वापरल्याच गेल्या नव्हत्या. ब्रिस्बेनमध्ये त्यावर उपाय म्हणून कर्मचाऱ्यांना टोचण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारायला शिकवले : पुढच्या चोवीस तासांत ही नळी वापरली जाईल याची मला ऐंशी टक्के खात्री आहे का? नळी लावलेल्या रुग्णांचे प्रमाण दहा टक्के-बिंदूंच्या आसपास घटले. अर्थात हा प्रश्न मालवणला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. जो रुग्ण जिल्हा रुग्णालयाच्या आवारातच आहे त्याला ‘पाहू, लागली तर लावू’ म्हणता येते. जो रुग्णवाहिकेत बसून घाटरस्त्याने वा महामार्गाने दोन-तीन तास जाणार आहे त्याच्यासाठी ‘लागली तर’ची वेळ अंधारात, खड्ड्यात, हलत्या गाडीत येते. तेथे निघण्यापूर्वीच नळी बसवणे शहाणपणाचे. किनाऱ्यावरील डॉक्टरला म्हणून शहरातील नियमावलीपेक्षा स्वतःच्या रस्त्याचा विचार अधिक करावा लागतो.

हात धुण्यापासून नोंदीपर्यंत

नळी बसवण्याची कृती दोन मिनिटांची आहे, आणि तिच्यात काटछाट होते ती नेमकी स्वच्छतेत. हात धुवावेत किंवा सॅनिटायझर लावावा, हातमोजे घालावेत. क्लोरहेक्सिडिन किंवा स्पिरिटने त्वचा अर्धा मिनिट घासावी आणि वाळू द्यावी. वाळण्याआधी टोचले तर जंतू मरत नाहीत आणि रुग्णाला झोंबतेही. पुसलेल्या जागी पुन्हा बोट लावून शीर चाचपणे ही सर्वांत सर्रास दिसणारी खोड. सुई एकदा मागे घेतल्यावर ती नळीत परत खुपसू नये. तिच्या टोकाने नळीचा तुकडा कापला जाऊन रक्तप्रवाहात जाऊ शकतो. दोन प्रयत्न फसले की तिसरा अधिक अनुभवी हाताने करावा. रात्रपाळीला हा अनुभवी हात बहुतेक वेळा डॉक्टरांचा नसून एखाद्या ज्येष्ठ सिस्टरांचा असतो, हे प्रत्येक इंटर्नला पहिल्या आठवड्यातच कळते. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना कर्मचाऱ्याच्या बोटात ती घुसते, आणि काविळीचे वा एचआयव्हीचे भय मागे लागते. अशा वेळी प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत बहात्तर तासांच्या आत सुरू करावे लागते. सुई थेट पांढऱ्या, न छेदता येणाऱ्या डब्यात आणि प्लास्टिकची नळी लाल पिशवीत, असा जैववैद्यकीय कचऱ्याचा २०१६ चा नियम आहे.

नळी किती दिवस ठेवावी, यावर अभ्यासकांत अजून एकवाक्यता नाही. पूर्वी तीन-चार दिवसांनी ती बदलण्याचा दंडक होता. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील ३,२८३ रुग्णांच्या चाचणीत असे दिसले की ठरावीक मुदतीने बदला अथवा त्रास दिसल्यावरच बदला, शिरेचा दाह दोन्ही गटांत सात टक्क्यांच्याच आसपास राहतो. मग अनेक रुग्णालयांनी दंडक सोडला. २०२१ मध्ये जिनिव्हाच्या रुग्णालयांतून उलट अनुभव प्रसिद्ध झाला : दंडक सोडल्यावर रक्तातील जंतुसंसर्ग वाढला. जेथे प्रत्येक पाळीत सिस्टर जागा तपासून पाहतात तेथे पहिली पद्धत चालेल; जेथे एका सिस्टरवर चाळीस खाटांचा भार आहे तेथे मुदत पाळणेच सुरक्षित, असे म्हणावेसे वाटते. एका बाबतीत मात्र मतभेद नाही. घाईगर्दीत, स्वच्छतेची खात्री नसताना बसवलेली नळी अठ्ठेचाळीस तासांच्या आत काढून दुसऱ्या जागी नवी लावावी. वाळूत, बोटीत किंवा १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत बसवलेली नळी याच वर्गात मोडते.

परंतु ओरोस वा बांबोळीच्या डॉक्टरला ती कोठे, कशी बसवली हे कळणार कसे? म्हणून पट्टीवर पेनाने तारीख, वेळ आणि ‘तातडीत’ हा एक शब्द लिहायचा. पारदर्शक पट्टी असेल तर आतली लाली दिसते. जाड चिकटपट्टीचे थर चढवले तर काहीच दिसत नाही. नळीचा एक वळसा हातावर वेगळा चिकटवला की गाडीच्या धक्क्याने थेट ओढ बसत नाही. सोबतच्या चिठ्ठीत किती सलाईन गेले, प्रतिविषाच्या किती कुप्या किती वाजता दिल्या, वीस मिनिटांच्या चाचणीत काय दिसले, एवढे लिहिले तरी पुढच्या रुग्णालयातील पहिला अर्धा तास वाचतो.

नातेवाइकांनी लक्ष ठेवावे अशी चिन्हे थोडीच आहेत. जागेभोवती सूज, थंडपणा व ताण म्हणजे द्रव शिरेबाहेर जात आहे. लाली, उष्णता, दोरीसारखी टणक लागणारी शीर म्हणजे दाह. पू किंवा थंडी वाजून ताप म्हणजे संसर्ग. यांपैकी काहीही दिसले तर सलाईनची कळ स्वतः फिरवत न बसता सिस्टरांना बोलवावे. नळी काढल्यानंतरही दोन दिवसांपर्यंत दाह उद्भवू शकतो. तोवर पर्यटक आपापल्या शहरी पोचलेला असतो आणि दुखऱ्या हाताचा संबंध मालवणच्या त्या रात्रीशी जोडायचे राहून जाते. पुण्यात किंवा मुंबईत आपल्या डॉक्टरांकडे जाताना रुग्णालयातून मिळालेला कागद बरोबर न्यावा, आणि नळी कोणत्या हाताला, किती दिवस होती हे सांगावे.